ॲल्युमिनियमचा रेडिएटर आठ महिन्यांत गळायला लागला. आर्गन वेल्डिंग मारू, बदलू, की परत तांब्याकडे?

सह्यवारू (३ मे, रात्री १०.४०)

मंडळी, गाडी १९९४ ची एमएम ५४०, प्युजोचं डिझेल इंजिन. बाबांनी घेतलेली, आता माझ्या गळ्यात. रोज चालत नाही. महिन्यातून दोन-तीनदा साताऱ्याहून वाई, पसरणी घाट चढून पाचगणी, नाहीतर कास.

मूळचा तांब्या-पितळेचा रेडिएटर गेल्या वर्षीपर्यंत चालला. तीनदा कथलाचा डाग मारून घेतला, चौथ्यांदा रेडिएटरवाल्याने हात जोडले. म्हणाला, "साहेब, आता डागावर डाग बसायला जागाच उरली नाही." मग सप्टेंबरात ऑनलाइन बघून ॲल्युमिनियमचा मागवला. साडेनऊ हजार. जाळी, वरची टाकी, खालची टाकी, सगळं ॲल्युमिनियम. वेल्डिंग तर बघत बसावं असं. बसलाही बरोब्बर, एक भोकसुद्धा वाढवावं लागलं नाही.

आठ महिने झाले आणि गळायला लागला. गंमत म्हणजे वेल्डिंगवर नाही. खालच्या टाकीच्या दोन बोटं वर, ड्रायव्हरच्या बाजूने तिसरी नळी. तिच्यावर पांढरी भुकटी जमते, तुरटी वाळल्यासारखी. नखाने खरवडली की खाली सुईच्या टोकाएवढं ओलं. गाडी थंड असली की काही नाही. घाट चढून टेबल लँडला थांबलो की टपटप सुरू. फेरीला अर्धा-पाऊण लिटर जातं.

विकणारा म्हणतो वॉरंटी वेल्डिंगची आहे, नळीची नाही. वर विचारतो, "पाणी कुठलं घातलं होतं?"

तर आर्गन मारून घेऊ का? एपॉक्सीचा लेप टिकतो का? की सरळ तांब्याचा शोधू?

चहाबाज (३ मे, रात्री १०.५२)

हळद टाका. लगीनसराई आहे, मुहूर्तही मिळेल.

नुसताच_वाचक (३ मे, रात्री ११.१५)

वाचतोय.

लालडबा (४ मे, सकाळी ६.०५)

चहाबाज, थट्टा नाही. हळदीने गळती थांबते, मी स्वतः थांबवलेली आहे. एसटीच्या डेपोत उभा जन्म गेला माझा, पण ही गोष्ट घरच्या गाडीची. चिपळूणहून परत येताना कुंभार्ली घाटाच्या निम्म्यात काटा लालवर. वडापावच्या टपरीवरच्या बाईंनी स्वतःहून विचारलं, "हळद देऊ का?" म्हणजे आमच्याआधी किती जण येऊन गेले असतील बघा. गाडी थंड होऊ दिली, चार चमचे हळद कोमट पाण्यात कालवून ओतली. पाटणपर्यंत थेंब नाही.

आता पुढचं ऐका. महिन्याभराने गाडी सपाटीलाही तापायला लागली. टाकी उघडली तर निम्म्या नळ्यांत पिवळट-तपकिरी चिखल, पिठलं करपून बुडाला लागतं तसा. हळद भोक शोधत जात नाही हो. पाण्याचा वेग जिथे कमी तिथे बसते. एखादा कण भोकात बसला तर आपलं नशीब. घरी पोहोचण्यापुरतं ठीक, दवा म्हणून नाही. बाजारातल्या गळती थांबवण्याच्या बाटल्यांचंही थोड्याफार फरकाने तेच.

पितळी_भांडं (४ मे, सकाळी ९.३०)

सह्यवारू, राग मानू नका, पण हे होणारच होतं. ॲल्युमिनियम ही चहाच्या टोपाची धातू.

आमच्या वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात रेडिएटरचं दुकान होतं. आलेल्या रेडिएटरच्या तोंडांना रबरी बुचं मारायची, एका बुचातून हवेची नळी द्यायची आणि अख्खा हौदात बुडवायचा. बुडबुडा जिथून निघेल तिथे खिळ्याने ओरखडा. ओल्यावर खडू उमटत नाही. मग वाळवून तारेच्या ब्रशने घासायचं, जस्त टाकून मारलेलं ॲसिड कोंबडीच्या पिसाने लावायचं आणि डाग. कथील पाण्यासारखं पळत भेगेत शिरतं, ते बघायला मी शाळा बुडवायचो. अर्ध्या तासात गिऱ्हाईक रस्त्याला. हे ॲल्युमिनियमवर करून दाखवा की राव! कथील त्याला धरतच नाही. गळला की भंगार.

आणि उष्णता नेण्यात तांब्याचा हात कोण धरतंय?

तापमापक (४ मे, दुपारी १.२०)

पितळी_भांडं, हौदाचं वर्णन वाचून मजा आली. पण शेवटच्या वाक्याशी असहमत. मी चाकणला एका कारखान्यात हेच काम करते, त्यामुळे थोडं लांबण लावते.

उष्णता वाहून नेण्यात शुद्ध तांबं साधारण ४०० धरलं तर ॲल्युमिनियम २३५ च्या आसपास. इथवर तुमचं बरोबर. पण तुमच्या "तांब्याच्या" रेडिएटरमध्ये पाणी वाहतं त्या नळ्या तांब्याच्या नसतात, पितळेच्या असतात. पितळ साधारण ११० ते १२०. तांबं असतं ते नळ्यांमधल्या नागमोडी पत्र्यांत, आणि त्या दोघांच्या मध्ये शिसं-कथलाचा थर, तो तर आणखी मंद. ॲल्युमिनियमच्या जाळीत नळी आणि पत्रा भट्टीत एकजीव होतात, नळ्या रुंद ठेवता येतात, हवेला भिडणारं अंग वाढतं. म्हणून तर सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून कारवाले तिकडे वळले. हलकं आणि स्वस्त हे तर आहेच.

आता आर्गन. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावर ऑक्साइडची जी पापुद्र्यासारखी साय असते ती वितळायला दोन हजारांच्या वर जावं लागतं. म्हणून ते एसी करंटवर चालणाऱ्या आर्गनवरच जमतं आणि कारागीर मुरलेला लागतो. टाकीची शिवण, होजचं तोंड, ब्रॅकेट, या जागा जाड असतात, तिथे आर्गन खुशाल मारा. नळीची भिंत मात्र साधारण ०.३ मिलिमीटरची. आर्क लागली की सुईचं भोक वाटाण्याएवढं होतं. शिवाय नळ्या ज्या थराने जोडलेल्या असतात तो ६०० च्या आसपासच पातळ होतो, त्यामुळे शेजारचे धडधाकट जोडही सुटतात. एक भोक बुजवायला जाल आणि तीन घेऊन याल.

मला खटकतंय ते वेगळंच. आठ महिन्यांत नळीला आतून भोक पडणं हे नुसत्या हलक्या मालाचं लक्षण वाटत नाही. हलका माल शिवणीवर किंवा नळी टाकीत शिरते तिथे फुटतो. पाणी खरंच कुठलं घातलं होतं?

सह्यवारू (४ मे, दुपारी २.०२)

विकणारा विचारत होता तेव्हा राग आला होता, तुम्ही विचारल्यावर खरं सांगतो. पहिल्यांदा हिरवं कूलंट आणि बाटलीतलं बॅटरीचं पाणी, निम्मंनिम्म. नंतर गळती सुरू झाल्यापासून शेतातल्या बोअरचं. फुकट जाणाऱ्या पाण्यात कूलंटचे पैसे कोण घालणार!

चहाबाज (४ मे, दुपारी २.०५)

आली, गाडी बोअरवर आली.

संत्राबर्फी (४ मे, सायंकाळी ७.४५)

भाऊ, बोअरचं पाणी नका टाकू न! आमच्याकडे नागपुरात मे महिन्यात ४५-४६ डिग्री राह्यते, गाडीचं मरण पाण्यातच आहे. बोअरच्या पाण्यात क्षार, त्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमले उंदरासारखं कुरतडते. माया मारुती व्हॅनचं तेच झालं. वरून चकाचक, आतून चाळणी.

एपॉक्सीचं विचारलं न? लावली होती मी. गरम सोसणारी, ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेली येते ती. पाणी पूर्ण काढलं, पत्रे चिमट्यानं बाजूले केले, पॉलिश पेपर, मग थिनर, मग लावली आन् पूर्ण रात्र वाळू दिली. सव्वा वर्ष चालली. पह्यल्या वेळी घाईत ओल्यावरच लावली होती, ते वर्ध्याच्या अलीकडेच सुटली.

अवांतर: एसीचं टपकणारं पाणी बादलीत जमवून रेडिएटरमध्ये टाकलं तर चालते का? बायको म्हणते झाडाले टाका.

तापमापक (४ मे, रात्री ९.१०)

बायकोचं ऐका. एसीचं पाणी क्षारमुक्त असतं हे खरं, पण तांब्याच्या कॉइलवरून ओघळलेलं असेल तर त्यात तांब्याचा अंश येतो. पाण्यातलं तांबं ॲल्युमिनियमवर जाऊन बसतं आणि बसेल तिथे खड्डा पाडतं. पंपावर डीएम वॉटरचा, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याचा, कॅन मिळतो, तेवढा खर्च करा.

डेट्रॉइटकर (५ मे, पहाटे ५.३०)

इथे मिशिगनमध्ये आमची भीती उलटी, रेडिएटर गोठण्याची. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला उणे ३७ पर्यंत धक्का लागत नाही, त्यामुळे साधं पाणी घालायची कुणाची छाती होत नाही. त्याचा फायदा असा की गंजरोधकही आपोआप पोटात जातं. आपल्याकडे "थंडी कुठे आहे" म्हणून कूलंट वाचवतात, पण त्याचं निम्मं काम गंज रोखण्याचं आहे.

जुन्या गाड्यांच्या नादातली मंडळी इथेही बाहेरचे ॲल्युमिनियम रेडिएटर बसवतात, आणि रडगाणं तुमच्यासारखंच. दोन गोष्टी शिकलो. एक, रेडिएटर चौकटीला बोल्टने आवळून टाकायचा नाही. लांब चासीची गाडी खड्ड्यात पिळवटते, तांबं ते थोडं सोसतं, ॲल्युमिनियमची शिवण तडकते. खाली-वर रबर हवंच. दुसरं, गळकं कूलंट अंगणात सांडू देऊ नका. चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना विष. आमच्या गल्लीतलं एक कुत्रं त्यानेच गेलं, अजून त्या घरावरून जाताना मान खाली जाते. गाडी माझी होती.

लालडबा (५ मे, सकाळी ६.१०)

वाईट झालं. आमच्याकडे पोरंसुद्धा खेळता खेळता बोटं घालतात. सगळ्यांनी खाली पत्र्याचं घमेलं ठेवा.

उघडी_वायर (५ मे, सकाळी ११.००)

गाड्यांचं वायरिंग करतो, सांगलीला. रेडिएटरमधलं कळत नाही, पण एक विचारतो. सह्यवारू, पुढे जादा दिवे लावलेत का? लावले असतील तर त्यांचं अर्थिंग कुठून घेतलंय?

सह्यवारू (५ मे, सकाळी ११.२५)

लावलेत. जाळीपुढे दोन मोठे गोल, जुन्या पद्धतीचे. आणि एक एअर हॉर्न. अर्थिंग बघायला लागेल. दिव्यांचा आणि रेडिएटरचा काय संबंध?

काथ्याकूट (५ मे, सकाळी ११.४०)

आले का ते दिवेवाले! समोरच्याचे डोळे जातात त्याचं काय? परवा कात्रजच्या बोगद्यात

उघडी_वायर (५ मे, दुपारी १२.१५)

काथ्याकूट, त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

सह्यवारू, संबंध सांगतो. दिव्यात शिरलेला करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायला वाट शोधतो. पोरं काय करतात, लांब वायर ओढायचा कंटाळा म्हणून जवळचा बोल्ट पकडतात, आणि ग्रिलमागे जवळचा बोल्ट म्हणजे रेडिएटरच्या ब्रॅकेटचा. त्या चौकटीचं अर्थिंग तीस वर्षांच्या गंजाने अर्धमेलं. मग बराचसा करंट गंजातून कसाबसा वाट काढतो आणि उरलेला रेडिएटरच्या अंगातून, आतल्या पाण्यातून इंजिनला जातो. जिथून धातू सोडून पाण्यात उतरतो तिथली धातू सोबत घेऊन जातो. मुलामा देणारा सोनार जे मुद्दाम करतो ते तुमच्याकडे फुकटात, उलट्या दिशेने चाललंय.

बघायचं असं. गाडी पूर्ण थंड असताना झाकण काढा. गरम असताना हात लावायचा नाही, हे पुन्हा सांगतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला, लाल पिन रेडिएटरच्या पाण्यात बुडवायची, तोंडाच्या कडेला टेकवायची नाही. आधी सगळं बंद ठेवून आकडा लिहा. मग इंजिन चालू. मग दिवे, हॉर्न, एकेक लावत जा. ०.३ च्या वर गेला तर ॲल्युमिनियमचे दिवस भरले समजा. आणि ज्या बटणाने आकडा उडी मारेल, चोर तिथे.

पितळी_भांडं (५ मे, दुपारी १२.५०)

म्हणजे तांब्याला हे होत नाही. बघा.

उघडी_वायर (५ मे, दुपारी १.०५)

होतं. तांब्या-पितळेलाही खातंच, डागालाही खातं, पण सावकाश. गिऱ्हाईक तुमच्या वडिलांकडे दर दोन वर्षांनी का यायचं असं वाटतं?

चहाबाज (५ मे, दुपारी १.०६)

🍿

मोगरा_आणि_मोबिल (५ मे, रात्री ८.३०)

धाग्यात घुसते, माफी. माझी साधी हॅचबॅक, नऊ वर्षांची. जाळी ॲल्युमिनियमची, टाक्या काळ्या प्लॅस्टिकच्या. कंपनीचा गेला म्हणून तीन वर्षांपूर्वी बाहेरचा टाकला, आता प्लॅस्टिक आणि जाळी जुळतात त्या कडेवर ओलं दिसतंय. फिटर म्हणतो बाहेरून सिलिकॉन फासतो. फासू देऊ?

तापमापक (५ मे, रात्री ९.४०)

नको. त्या कडेला ॲल्युमिनियमचे दात दुमडून टाकी धरलेली असते आणि मध्ये रबराची पट्टी. ती पट्टी कडक झाली की पाझर सुरू. आतून दाब येतो, बाहेरून फासलेलं सिलिकॉन सालीसारखं निघतं. दात उघडून पट्टी बदलणारे कारागीर आहेत, पण एकदा उघडलेले दात पुन्हा दुमडताना मोडतात, आणि तीन वर्षांत प्लॅस्टिकही ठिसूळ झालेलं असतं. सरळ नवा टाका. टाकताना झाकणही बदला, झाकणावर ०.९ किंवा १.१ बार असं काही लिहिलेलं असेल तोच आकडा घ्या. एक बार जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही, सगळा खेळ त्या दाबावर. झाकण दाब सोडत नसेल तर नवा रेडिएटरही कडेने फुटतो.

लालडबा (६ मे, सकाळी ६.००)

आणि बाहेर कुठेच ओलं नसताना पाणी कमी होत असेल तर रेडिएटरला शिव्या देऊ नका, हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी, बघा. पांढरा धूर आणि झाकणातून बुडबुडे. आयुष्यात कितीतरी बिचारे रेडिएटर निर्दोष असताना काढलेले पाहिलेत.

सह्यवारू (१० मे, सायंकाळी ६.२०)

मंडळी, आज सुट्टी मिळाली. आकडे असे:

सगळं बंद: ०.०८
इंजिन चालू: ०.१३
दिवे लावले: ०.६४
हॉर्न दाबला: काटा १ च्या पुढे, मुलगा घाबरून बटण सोडून पळाला

मग टॉर्च घेऊन खाली झोपलो. दोन्ही दिव्यांच्या काळ्या वायरी आणि हॉर्नची, तिन्ही एकत्र पिळून, वर टेप गुंडाळून, रेडिएटरच्या ड्रायव्हरकडच्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली दाबलेल्या. गळणारी नळी त्याच बाजूची. आणि दिवे कधी बसवले ते आठवलं, ऑक्टोबरात, दसऱ्याला. रेडिएटर बसवून महिनाही झाला नव्हता. आठ महिने कसले, सात महिन्यांत खाल्ला.

विकणाऱ्याला घातलेल्या शिव्यांपैकी निम्म्या परत घेतो. निम्म्या ठेवतो, फोन उचलत नाही म्हणून.

उघडी_वायर (१० मे, सायंकाळी ६.३५)

आता तिन्ही काढा, सहा चौरस मिलिमीटरची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. इंजिन ते चासी जी तारांची वेणी असते तीही काढून, दोन्ही टोकं घासून परत लावा. मग आकडे टाका इथे.

सह्यवारू (११ मे, दुपारी १२.१०)

केलं. दिवे आणि हॉर्न लावून ०.१०. वेणी हातात आली तेव्हा निम्मे पदर तुटलेले होते, नवी टाकली. १४० रुपये.

संत्राबर्फी (११ मे, दुपारी १२.३०)

साडेनऊ हजाराचं नुकसान, १४० रुपयाच्या वायरीनं. अरारारा.

पितळी_भांडं (११ मे, दुपारी ३.००)

बरं, मूळ प्रश्न राहिलाच की. आता भोकाचं काय? आणि जुना रेडिएटर भंगारात दिलात का?

तापमापक (११ मे, दुपारी ४.१५)

भोकाबद्दल: आधी रेडिएटर काढून दाबाखाली तपासा, हौदच उत्तम. एकच बुडबुडा आला तर ती नळी दोन्ही टोकांना चेपून एपॉक्सीने बंद करा, चाळीसेक नळ्यांतली एक गेली तर काही बिघडत नाही. दोन-तीन जागी आले तर बाकीच्या नळ्याही आतून खड्डे पडलेल्या असणार. मग त्यावर खर्च करू नका.

सह्यवारू (१८ मे, रात्री १०.००)

गोडोलीतल्या एकाने बुडवून दाखवला. मी श्वास रोखून. पहिला बुडबुडा ओळखीचा. दुसरा त्याच्या शेजारच्या नळीतून. तिसरा आला तेव्हा तोच म्हणाला, "साहेब, उचलू का आता?"

जुना भंगारात दिला नव्हता. आईला विचारलं तर गोठ्यात, खुराड्याच्या तोंडाला फळी म्हणून लावलाय, कोंबड्या आत. काढला, धुतला. पितळी टाक्या शाबूत आहेत. पितळी_भांडं, तुम्ही निरोपात सांगितलेल्या त्या कारागिराशी बोललो, जुन्या टाक्यांना नवी तांब्याची जाळी लावून देतो म्हणाला, पण जूनअखेर. तोवर या ॲल्युमिनियमवाल्याच्या तिन्ही नळ्या चेपून, एपॉक्सी लावून, डीएम वॉटर आणि कूलंट भरून चालवतोय. काल पसरणी चढलो, दिवे लावून. टेबल लँडला अर्धा तास खाली वाकून बसलो होतो, लोकांना वाटलं नमाज पढतोय की काही हरवलंय. कोरडं.

तापमापक (१८ मे, रात्री १०.२०)

मी अजूनही म्हणेन, अर्थिंग सुधारलंय तर नवा ॲल्युमिनियमचाच घ्या.

पितळी_भांडं (१८ मे, रात्री १०.२२)

घेऊ द्या की ताई. आणि मग खुराड्याला काय लावायचं त्यांच्या आईनं?

चहाबाज (१९ मे, सकाळी ८.१५)

म्हणजे हळद नाहीच लागली शेवटी.

सह्यवारू (१९ मे, सकाळी ८.४०)

लागली नाही. पण लालडबा काकांची गोष्ट वाचल्यापासून डॅशबोर्डात एक पुडी आहे, अंगाऱ्याशेजारी.